दीड माणसाचे केंद्र

मित्रांनो, मी एक जुनी जीप आहे. रावेर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मोरवड नावाचे गाव आहे. गावाबाहेर केळीचे एक छोटे सरकारी संशोधन केंद्र आहे, त्याच्या रोपवाटिकेमागे मला उभे केले आहे. माझा पांढरा रंग आता ताकासारखा झाला आहे. दारावरच्या सरकारी अक्षरांपैकी निम्मी उडाली आहेत आणि मागच्या सीटखाली यंदा एका मांजरीने पिल्ले घातली आहेत. मी कुठे कुठे गेले, काय काय पाहिले, हे विचारायला आता कुणी येत नाही. तुम्ही आलात, म्हणून सांगते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा आम्ही पुष्कळ बहिणी एका रांगेत होतो. कुणी पोलीस ठाण्यात गेली, कुणी जंगल खात्यात. मला वाटले, आपणही डोक्यावर दिवा फिरवत, भोंगा वाजवत धावू. प्रत्यक्षात मला मोरवडला आणले, नारळ फोडला, बॉनेटवर हळदकुंकू लावले आणि त्याच दुपारी माझ्या पाठीत केळीचे कंद भरले. ओल्या मातीसकट! सुरुवातीला मी थोडी रुसले होते. पुढे त्या मातीचा वास अंगाला असा चिकटला की धुतल्यावर मलाच चुकल्यासारखे वाटे.

मला चालवायला कौतिक होता. तो शिंदखेड्याकडचा. त्याचे बोलणे अहिराणी, इकडच्या लोकांची बोली वेगळी. ते त्याला हसत आणि तो त्यांना. माझ्याशी मात्र तो फार मायेने वागे. सकाळी काच पुसताना म्हणे, "चाल व माय, आज बठ्ठं रावेर फिरनं शे." मग मी पहिल्याच सेलला सुरू होई. निदान पहिली काही वर्षे तरी.

काम भरपूर होते. शेतकऱ्यांना प्रशिक्षणाला आणायचे, रोपवाटिकेतली रोपे पोहोचवायची, मातीचे नमुने गोळा करायचे, साहेबांना जळगावच्या बैठकीला न्यायचे. केंद्राचे प्रमुख होते भूषण सर. मनाने चांगले, पण कायम काळजीत. आपले केंद्र लहान आहे, एक दिवस वरून कुणीतरी म्हणेल की बंद करून टाका, ही त्यांची काळजी. त्यामुळे कुठल्याही कामाला ते नाही म्हणत नसत. रोपे हवीत? घ्या. माती तपासायची? आणा. शेतकरी मेळाव्याला मांडव हवा? तोही आमच्याच आवारात.

आणि मग सुलक्षणाताई आल्या. त्या धुळ्याच्या, देवपूर भागातल्या. केळीचा अभ्यास करून शास्त्रज्ञ झालेल्या. पुढच्या सीटवर बसत, मांडीवर तापमापकांची पेटी धरत आणि खिडकीतून बागा बघत राहत. कमी बोलत. कौतिकची अहिराणी त्यांना कळे, म्हणून कौतिक खूश होता.

त्या आल्या त्याच हिवाळ्यात चरका पडला. केळीला थंडी लागली की आमच्याकडे त्याला चरका म्हणतात. पाने पिवळी पडतात, मग कडा जळाल्यासारख्या होतात. घड बाहेर यायच्या वेळी थंडी आली तर तो झाडाच्या गळ्यातच अडकून बसतो. त्या आठवड्यात आम्ही गावोगाव फिरलो. जिकडे बघावे तिकडे हिरव्या बागांचा रंग उतरलेला. बांधावर उभे असलेले शेतकरी आम्हाला हात करून जळालेली पाने दाखवत.

अशाच एका बागेत इंदिराबाई भेटल्या. साठी ओलांडलेल्या, खणखणीत आवाजाच्या. मुलगा हितेंद्र आणि त्या मिळून केळी आणि कापूस करत. त्यांनी लांबूनच ताईंना हाक मारली.

"ओ बाई, इकडे या. हे झाड पाह्य. बठ्ठी बाग पिवळी पडली, अन् याले थंडीनं हात बी नाही लावला!"

विहिरीजवळ मोटारीची खोली होती. तिच्या दक्षिणेला एकच केळ उभी होती, हिरवीगार. ताई तिच्याभोवती कितीतरी वेळ फिरल्या. पाने हातात घेऊन पाहिली, खोडाला हात लावला. मग म्हणाल्या, "अक्का, हिचे कंद मला द्याल? लावून बघते. हिच्यात काहीतरी वेगळं असेल."

"नेय ना," इंदिराबाई हसल्या. "पन नाव माहं ठेवजो."

असा इंदिरा केळीचा जन्म झाला, मित्रांनो. कागदावर तिला एक क्रमांक होता, पण तो कुणाच्याच लक्षात राहिला नाही.

त्यानंतर माझी खरी धावपळ सुरू झाली. त्या एका झाडाचे कंद वाढवायलाच दोन वर्षे गेली, मग ते वेगवेगळ्या गावांत लावले. प्रत्येक ठिकाणी शेजारी नेहमीची केळीही लावली, म्हणजे दोघींची तुलना करता यावी. थंडी पहाटे सगळ्यात जास्त असते. त्यामुळे हिवाळ्यात आम्ही उजाडायच्या आत निघत असू. कौतिक डोक्याला मफलर गुंडाळून, ताई स्वेटरवर शाल घेऊन, आणि मागे छगन नाना. हे आमच्या केंद्राचे शेतावरचे सहायक. झाडाचा घेर, पानांची संख्या, घडाचे वजन हे सगळे ते मोजत आणि ताई लिहून घेत. माझे दिवे धुक्यात दोन हातांपुढे पोहोचत नसत. पण मला ते दिवस फार आवडत. आपण कुणालाच माहीत नसलेली गोष्ट शोधायला चाललो आहोत, हे मला इंजिनात कळायचे.

पुढचे दोन हिवाळे सौम्य गेले. इंदिरा केळी छान राहिली. पण नेहमीची केळीही छानच राहिली! ताई म्हणत, "थंडीच पडली नाही, तर कळणार कसं? अजून काही सांगता येत नाही."

लोकांना मात्र धीर नव्हता. इंदिराबाईंची केळी थंडी सोसते, अशी बातमी पसरली. बाजारात इंदिराबाईंना लोक थांबवून विचारू लागले. त्यांची मान ताठ झाली. रावेरजवळ प्रेमराजभाऊंची रोपांची नर्सरी होती. त्यांनी शेतकऱ्यांकडून काही कंद मिळवले, रोपे वाढवली आणि रस्त्यावर मोठा फलक लावला, 'थंडी न लागणारी इंदिरा केळी'. त्या फलकासमोरून जाताना ताई तोंड फिरवून घेत. भूषण सरांना मात्र बरे वाटे. जळगावच्या बैठकीत ते सांगत, "आमच्या केंद्रात एक मोठं काम चाललंय."

मग एक हिवाळा असा आला की पाइपाच्या पाण्यात हात घालवेना. त्या जानेवारीत एका पहाटे आम्ही एकेक गाव घेत गेलो. पहिल्या गावात इंदिरा केळी पिवळी. दुसऱ्या गावात पिवळी. तिसऱ्या गावात ताई खाली उतरल्या, दोन पावले गेल्या आणि तिथूनच परत आल्या. जवळ जाऊन बघायची गरजच नव्हती. शेजारची नेहमीची केळी आणि ही, दोघी सारख्याच जळाल्या होत्या.

शेवटी इंदिराबाईंच्या शेतात आलो. मोटारीच्या खोलीमागे पहिल्या झाडाचे पिलवे, म्हणजे त्याच्या बुडातून फुटलेले नवे झाड, उभे होते, हिरवेगार. आणि त्याच्या अगदी शेजारी अजून एक झाड हिरवे होते.

"हे कुठलं?" ताईंनी विचारले.

"ते आपलं साधंच," हितेंद्र म्हणाला. "जागा मोकळी दिसली म्हणून लावलं होतं."

ताई तशाच उभ्या राहिल्या. मोटार चालू होती. आमच्याकडे शेतीची वीज बऱ्याचदा रात्री येते, त्यामुळे विहिरीचे पाणी रात्रभर थारोळ्यात, म्हणजे विहिरीकाठच्या हौदात, पडत होते. ताईंनी त्या पाण्यात हात घातला. हिवाळ्यात विहिरीचे पाणी कोमट असते. त्याची वाफ दोन्ही झाडांवर जात होती. उत्तरेकडून येणारा गार वारा खोलीच्या भिंतीने अडवला होता.

ताई थारोळ्याच्या काठावर बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "झाडाचं काही नव्हतं. जागेचं होतं."

तरी त्यांनी घाई केली नाही. पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबून दोन्ही जातींची झाडे शेजारी शेजारी लावून पुन्हा पाहिली, काही भिंतीआड, काही उघड्यावर. उत्तर तेच आले. आडोशाची दोन्ही वाचली, उघड्यावरची दोन्ही जळाली. त्या दिवशी परतताना ताई वही मांडीवर धरून बसल्या होत्या. फैजपूरच्या फाट्यावर कौतिकने विचारले, "ताई, आते काय?"

"आता काय, कौतिकभाऊ. सहा वर्षं गेली," ताई म्हणाल्या. आणि खिडकीची काच वर केली.

भूषण सरांना हे कळले तेव्हा ते मला घेऊन जळगावला निघाले होते. ताई सोबत होत्या. सरांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "सुलक्षणा, हे एवढ्यात कुठे बोलू नका. आधीच आपलं केंद्र लहान. त्यात फसलेला प्रयोग! वार्षिक अहवालातही नको. तिथे रोपविक्रीचं लिहू. ते चांगलं झालंय."

ताईंनी वही मिटून पिशवीत ठेवली. माझ्या स्प्रिंगच्या पाट्यांवर त्या दिवशी फार वजन आल्यासारखे वाटले, मित्रांनो. गाडीत तर तीनच माणसे होती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कामिनी आली. ती सांख्यिकीच्या कामावरची तरुण अधिकारी. सांख्यिकी म्हणजे देशातल्या गोष्टी नीट मोजून त्यांचे आकडे ठेवण्याचे काम. किती पीक आले, किती मुले शाळेत जातात, हे जसे मोजतात, तसेच सरकारी संस्था संशोधनासाठी किती माणसे आणि किती खर्च लावतात, हेही दर काही वर्षांनी मोजले जाते. प्रत्येक संस्था आपले उत्तर आपणच भरून पाठवते. त्या सगळ्या उत्तरांची बेरीज म्हणजे देशाचा आकडा. उत्तरे नक्की कशी भरली जातात हे बघायला कामिनीला काही संस्थांमध्ये पाठवले होते. त्यात आमचेही केंद्र होते.

तिने कार्यालयात बसून चहा घेतला आणि म्हणाली, "मला एकदा तुमच्याबरोबर फिरायचं आहे."

म्हणून मी तिला घेऊन निघाले. पहिल्या गावात ताईंनी एका शेतकऱ्याला ठिबकच्या नळ्या साफ कशा करायच्या ते दाखवले. दुसऱ्या गावात मातीचे नमुने घेतले. मग इंदिराबाईंच्या शेतात जाऊन तापमापके तपासली. कामिनी सगळे बघत होती. परतताना तिने विचारले, "ताई, आज आपण तीन कामं केली. यातलं संशोधन कोणतं?"

"कागदावर तिन्ही," ताई म्हणाल्या.

"कागदावर नको. नळ्या कशा साफ करायच्या हे तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"हो. ते पुस्तकातही आहे."

"माती कशी तपासायची तेही माहीत होतं. नमुना नवा, पण रीत ठरलेली. आणि थारोळ्याजवळ किती ऊब असते, ती कुठपर्यंत पोहोचते?"

"ते कुणालाच माहीत नाही," ताई म्हणाल्या. "तेच तर मोजतोय."

"मग आज एकच काम संशोधनाचं झालं. बाकीची दोन कामं चांगली आहेत, गरजेची आहेत, पण ती सेवा झाली."

कौतिक मागे न बघता कामिनीला म्हणाला, "ताई, मंग मन्ही गाडी कशामा मोजतस?"

कामिनी हसली. "गाडी घेतली त्या वर्षी तिची किंमत एकदाच धरली, भाऊ. पुन्हा दरवर्षी नाही धरत. तुम्ही संशोधनाच्या फेरीला जाता तेवढ्या वेळाचा तुमचा पगार मदतीच्या खर्चात येतो."

"म्हंजे मी दरवरीसले, अन् हाई एकच डाव!" असे म्हणून कौतिकने माझ्या स्टिअरिंगवर थोपटले.

दुपारी वीज गेली. आत बसवेना, इतके ऊन. म्हणून सगळ्यांनी खुर्च्या बाहेर माझ्या शेडखाली आणल्या. भूषण सर, सुलक्षणाताई, छगन नाना आणि कामिनी. मी तिथेच होते, त्यामुळे सगळे मला ऐकू आले.

सर म्हणाले, "आम्ही दरवर्षी सगळे बारा जण संशोधनात दाखवतो. संशोधन केंद्रच आहे ना आमचं?"

"सर, पाटीवर संशोधन लिहिलं म्हणजे आतलं सगळं काम संशोधन होत नाही," कामिनी शांतपणे म्हणाली. "आपण माणूस घेऊन बघू. रोपविक्रीचे लोक?"

"त्यांचं विक्रीचंच काम."

"माती तपासणीचे?"

"तेही ठरलेलं काम."

"कार्यालयातले?" असे करत करत ती पुढे गेली. मग म्हणाली, "सुलक्षणाताईंचा बराचसा वेळ प्रयोगावर जातो. पण प्रशिक्षण असतं, निवडणुकीचं काम येतं. पाऊण धरू?" ताईंनी मान हलवली. "छगन नानांचा अर्धा. बाकीचा अर्धा रोपवाटिकेत. बरोबर ना, नाना?"

"बराबर हाये बाई," नाना म्हणाले. "पन मी अर्धा मानूस झालो का मंग?"

"माणूस पूर्ण, नाना. संशोधनातला वाटा अर्धा." सगळे हसले. मग ती सरांकडे वळली. "सर, तुमचाही अर्धा धरू?"

सर खुर्चीच्या हाताशी चाळा करत राहिले. मला माहीत होते की तरुणपणी तेही पहाटे बागेत जात असत. कौतिक सांगायचा. मग ते म्हणाले, "पाव लिहा. अर्धा खरा नाही. गेली दोन वर्षं मी बैठकाच करतोय."

पाऊण, अर्धा आणि पाव. बारा जणांच्या केंद्रात संशोधनाला दीड माणूस!

"हे वर गेलं तर केंद्र बंद होईल," सर म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता.

"सर, एक विचारू? तुम्ही नवा शास्त्रज्ञ मागितला होता ना?"

"तीनदा. तीनदा नाही म्हणाले. म्हणाले, लहानशा केंद्रात बारा संशोधक आहेत, अजून कशाला?"

 पुढचे कामिनीला बोलावेच लागले नाही. आपणच लिहिलेला बाराचा आकडा आपल्याच आड आला, हे सरांना कळले.

मग ती म्हणाली, "आणि तुमचं सगळ्यात मोठं काम तर तुम्ही लिहिलंच नाही. इंदिरा केळीचं."

"तो प्रयोग फसला," सर म्हणाले. "ज्यातून काही निघालंच नाही, त्याला संशोधन कसं म्हणायचं?"

"निघालं की. ही केळी थंडी सोसत नाही, हे निघालं. प्रयोग सुरू करताना हे कुणाला माहीत होतं?"

"कुणालाच नाही."

"मग तेच खरं संशोधन, सर. उत्तर आधी माहीत असतं तर ते मोजता आलं नसतं. पण एक आहे." तिने खुर्ची पुढे ओढली. "जे संशोधन म्हणून मोजायचं, ते दुसऱ्याला तपासता आलं पाहिजे. लपवून ठेवलेलं मोजता येत नाही."

शेडचा पत्रा उन्हाने टकटक वाजत होता. सुलक्षणाताई मातीकडे बघत होत्या. भूषण सर उठले, दोन पावले टाकली, माझ्या बॉनेटवर हात ठेवला आणि ते तापलेले म्हणून झटकन काढून घेतला. मग म्हणाले, "सुलक्षणा, मृगाची लागवड जवळ आली. प्रेमराजची रोपं लोक नेतील. त्याआधी सभा घेऊ. इंदिराबाईंच्याच शेतात."

सभेच्या आदल्या दिवशी ताई इंदिराबाईंना सांगायला निघाल्या. वाटेत त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. एकदा पाणी प्यायल्या, एकदा नुसत्याच बसून राहिल्या.

"ताई, सांगी टाका," कौतिक म्हणाला. "म्हतारी वाघीन शे."

"कौतिकभाऊ, तिचं नाव आहे त्या केळीला," ताई म्हणाल्या. "गावभर मान मिळाला तिला. तो मी काढून घ्यायला चाललेय."

शेतात पोहोचल्यावर ताईंनी सगळे सांगितले. भिंत, कोमट पाणी, शेजारचे साधे झाड. इंदिराबाई ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला. त्या उठल्या आणि बागेत निघून गेल्या. आम्ही थांबलो. हितेंद्रने चहा आणला, तो तसाच गार झाला. शेवटी आम्ही परत फिरलो. मला वाटले, उद्याची सभा या शेतात काही होत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आलो तर मोटारीच्या खोलीसमोर सतरंजी अंथरलेली होती. बाजूला पाण्याचा माठ भरून ठेवला होता. लोक जमले. प्रेमराजभाऊही आले. मी बांधावर उभी होते. ताईंनी सरळ सांगून टाकले, "आम्ही सहा वर्षं बघितलं. ही केळी थंडी सोसत नाही."

कुजबुज सुरू झाली. प्रेमराजभाऊ उभे राहिले. "ताई, मी एवढी रोपं तयार केली. फलक लावला. माझं काय? तुम्ही आधी का नाही बोललात?"

"आधी आम्हालाच माहीत नव्हतं, भाऊ. पण फलक लावण्याआधी तुम्ही विचारलं असतं, तर हेही सांगितलं असतं की अजून माहीत नाही."

"अशी कशी नाही सोसत? ते झाड तर उभं आहे हिरवं!" मागून कुणीतरी ओरडले. गलका वाढला.

तेव्हा इंदिराबाई उठल्या. पदर खोचला.

"आयका रे बठ्ठे! ते झाड हिरवं हाये ते माह्या मोटारीच्या पान्यानं. तुमच्या वावरात माही मोटार येनार हाये का? काल मी सोता बांधावर जाऊन हिवाळ्यातली वाळकी पानं पाह्यली. तिकडची इंदिरा बी जयाली, साधी बी जयाली." त्यांनी मोटारीच्या खोलीकडे एकदा पाहिले.  "माहं नाव हाये म्हनून मी तुमच्या बागा जयू देऊ का? नका लावू."

 मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारले, "मंग अक्का, पान्यानं वाचते, हे तरी खरं ना?" आणि सभा पुन्हा सुरू झाली. थारोळे, भिंत, उत्तरेचा वारा, संध्याकाळी पाणी सोडले तर काय होईल, शेवरीच्या झाडांचा आडोसा किती उंच हवा. ताईंना श्वास घ्यायला फुरसत मिळेना. प्रेमराजभाऊ मात्र शेवटपर्यंत थांबले नाहीत. पण दोन दिवसांनी त्या रस्त्याने गेलो तेव्हा फलक उतरवलेला होता. रोपे त्यांनी साधी केळी म्हणूनच विकली. पुढे वर्षभर ते ताईंशी बोलले नाहीत. मग बोलू लागले.

दीड माणसाचा आकडा वर गेला. काही दिवसांनी अपेक्षेप्रमाणे विचारणा आली, संशोधन एकदम एवढे कमी कसे झाले? भूषण सर मला घेऊन जळगावला गेले. जाताना कागद पुन्हा पुन्हा चाळत होते. येताना कौतिकला म्हणाले, "सांगून आलो. संशोधन कमी झालं नाही, आता खरं दिसतंय, असं सांगितलं." त्यांच्या कपाळावरचा घाम वाळला होता.

पुढे बरेच दिवस काहीच घडले नाही. सरकारी कामे तशीच चालतात. केंद्र बंद झाले नाही. रोपविक्री आणि प्रशिक्षण ही कामेही थांबली नाहीत. फक्त ती विस्ताराची, म्हणजे शेतकऱ्यांपर्यंत पोहोचण्याची, कामे म्हणून वेगळी लिहिली जाऊ लागली. त्यांना त्यांचे खरे नाव मिळाले. आणि एका सकाळी रूपाली नावाची नवी शास्त्रज्ञ पाठीवर पिशवी घेऊन फाटकातून आत आली. दीड माणसावर केंद्र कसे चालते, असे वरच्याच कुणीतरी विचारले होते म्हणे.

तोवर माझे दिवस भरत आले होते. पंधरा वर्षे झालेली सरकारी गाडी रस्त्यावर ठेवायची नाही, असा नियम आला. कौतिक निवृत्त झाला. केंद्राने भाड्याची गाडी घेतली आणि मला रोपवाटिकेमागे ढकलले. टायर बसले. आरसा कुणीतरी काढून नेला. पावसाळ्यात माझ्यात पाणी साठे, उन्हाळ्यात सीट तडकत गेली. सुरुवातीला फार वाईट वाटे. रोज पहाटे ती दुसरी गाडी निघून जाई आणि मी आवाजावरून ओळखे, आज थंडी मोजायला गेले. मग सवय झाली.

गेल्या हिवाळ्यात मात्र एक गोष्ट घडली. एका सकाळी रूपाली एकटीच इकडे आली, माझे दार उघडून आत बसली आणि रडू लागली. तिने शेवरीच्या आडोशाचा एक नवा प्रयोग मांडला होता. चरका आला आणि आडोशाआडची केळीही जळाली. थोड्या वेळाने सुलक्षणाताई आल्या. त्यांचे केस आता पांढरे होऊ लागले आहेत. त्या शेजारी बसल्या.

"ताई, माझं एक वर्ष वाया गेलं."

"आडोसा किती उंच होता?"

"कमरेएवढा."

"मग कमरेएवढा आडोसा पुरत नाही, हे तुला आज कळलं. काल ते कुणाला माहीत नव्हतं. हे लिही."

"फसलं, असं लिहू?"

"फसलं नको, गाजलंही नको. जे दिसलं ते लिही."

रूपालीने डोळे पुसले. बाहेर धुके विरत होते. त्या दोघी माझ्या मोडक्या सीटवर बसून उंचीचा हिशेब मांडू लागल्या, आणि मित्रांनो, कितीतरी दिवसांनी मला पुन्हा कामावर गेल्यासारखे वाटले.

आता मला मोडीत न्यायला गाडी येणार आहे. काल कौतिक शिंदखेड्याहून मुद्दाम आला होता. बादलीभर पाणी आणून त्याने मला धुतले, मांजरीची पिल्ले टोपलीत घालून शेडखाली ठेवली आणि जाताना म्हणाला, "चाल व माय, येस मी." माझी काही तक्रार नाही. लोखंड वितळेल, त्याचे काहीतरी नवे होईल.

माझे तुमच्याकडे एकच मागणे आहे. गाड्या, यंत्रे, माणसे यांची काळजी घ्याच. पण तुमच्या स्वतःच्या धडपडीचीही घ्या. ती आहे त्यापेक्षा मोठी करून सांगू नका आणि लाज वाटली म्हणून पुसूनही टाकू नका. उद्या शाळेत तुम्ही कुंडीत बी लावाल. ते उगवले नाही, तर कुंडी बाकाखाली सरकवू नका. खिडकीतच राहू द्या, आणि कुणी विचारले तर सांगा की यात काय लावले होते, किती पाणी घातले, आणि काय उगवले नाही.